दिपमाला, ‘दि’ ह्रस्व

या, असे जवळ सरका. सतरंजीवर जागा आहे. पंख्याखाली मात्र बसू नका. तो कुरकुरतो, आणि ही गोष्ट मला हळू आवाजात सांगायची आहे. आमचे वना बुवा कीर्तन उभ्यानं सांगतात. मी बसून सांगणार, कारण माझे गुडघे आणि माझा अधिकार, दोन्ही बसण्याच्याच लायकीचे. गोष्ट तोंडावरच्या मुरमांची आहे. हसलात? हसा. पूर्वरंगात हसायला हरकत नसते. पुढे एक जागा येईल, तिथे दवाखान्याची अख्खी ओसरी हसली होती. तिथे जरा सांभाळून घ्या.

मी पितांबर. कॉलनीत सगळे आबा म्हणतात. जळगावात सरकारी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. तेव्हा ‘मुरूम’ हा शब्द माझ्या आयुष्यात फार आधी आणि फार वेगळ्या वाटेनं आला. ‘मुरूम पसरणे, पाणी मारणे व दबाई करणे’ हे वाक्य मी इतक्या फायलींवर लिहिलंय की तापात बरळलो तरी शुद्ध बरळेन. मु ह्रस्व, रू दीर्घ. ह्रस्व-दीर्घाच्या बाबतीत माझा खात्यात दरारा होता. साहेब बदलून आला की त्याला आधी कँटीन दाखवायचे आणि मग मला.

दुसरा नाद कीर्तनाचा. नशिराबाद असो, चाळीसगाव असो, बुवा उभे राहिले की मी पहिल्या रांगेत. डोळ्यांतून पाणी कधी काढायचं हे बुवांच्या आधी मला कळतं. पण फार कीर्तनं ऐकणाऱ्याला एक रोग जडतो. आपणही बुवा झालो असतो, असं त्याला वाटायला लागतं. मग चार माणसं दिसली की शब्दावर कोटी करायची, आणि ती हसली की जन्म सार्थकी लागला असं मानायचं. हा रोग तोंडावर उठत नाही, म्हणून त्यावर कुणी मलम देत नाही.

माझा धाकटा भाऊ रुपचंद यावलला केळी लावतो. त्याची मुलगी दिपमाला बारावी झाली आणि कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली. आमची दोन्ही मुलं पुण्याला, घर रिकामंच. मी रुपचंदला म्हटलं, “पोर माझ्याकडे फुलासारखी राहील.” तो म्हणाला, “फुलासारखी कशाला दादा, पोरीसारखी राहिली तरी पुरे.” तेव्हा मला हे बोलणं जरा कोरडं वाटलं होतं.

ती आल्या दिवशीच मी तिचे कागद पाहिले. सगळीकडे ‘दिपमाला’, दि ह्रस्व. पहिलीच्या दाखल्यावर गुरुजींनी घोटाळा केला होता आणि तो बारावीपर्यंत शिक्क्यानिशी चालत आला होता. मी म्हटलं, “दीप दीर्घ असतो बेटा. राजपत्रात देऊन दुरुस्त करून घेऊ.” ती हसून म्हणाली, “राहू द्या ना आबा. मला ह्रस्वाचीच सवय झाली.”

संध्याकाळी स्वयंपाकघरात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापता थापता ती गायला लागली. माझी बायको कोकिळा, जिचा गळा नावाशी अजिबात संबंध ठेवून नाही, ती चालू मिक्सर बंद करून उभी राहिली. मी बाहेर पेपर वाचत होतो. पेपर हातात राहिला. काय सांगू तुम्हाला, ताकदीचे आवाज पुष्कळ ऐकले, पण हा आवाज घाई करत नव्हता. भाकर उलटायला थांबला की थांबायचा, आणि मग जिथे सोडला तिथूनच उचलायचा, जणू मधल्या वेळात तो तिथेच तिची वाट पाहत उभा होता.

महिन्याभरात ती आमच्या भजनी मंडळात रुळली. आमच्या देवळापुढे दगडी दीपमाळ आहे. कार्तिकातल्या सप्त्याची सांगता त्रिपुरी पौर्णिमेला होते, आणि त्या संध्याकाळी दीपमाळ पेटवताना एक रीत आहे: पहिल्या वातीपासून शेवटच्या वातीपर्यंत एकाच माणसानं गायचं, गाणं खंडायचं नाही. वीस वर्षं पुना आप्पा गायचे. यंदा त्यांनी दातांची कवळी दाखवून माघार घेतली. तेव्हा श्रावणातल्या एका गुरुवारी वना बुवांनी सगळ्यांसमोर तिला पुढे बोलावलं.

“यंदा दीपमाळेचं गाणं ही पोर म्हणेल. नाव काय गं बाय?”

“दिपमाला.”

आता देवानं एवढा मोठा योग जुळवून आणल्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? पण मला सुचलं. तिच्या गालांवर, कपाळावर त्याच महिन्यात मुरूम उठायला लागले होते. मी उभा राहिलो आणि म्हटलं, “बुवा, नुसतं नाव नाही! तोंडाकडे बघा, दिवेसुद्धा लागलेत. यंदा तेलवातीची गरज नाही!”

देऊळ हसलं. टाळकरी हसले, पुना आप्पा कवळी सांभाळून हसले. दिपमाला तर सगळ्यांच्या आधी हसली. वना बुवा हसले नाहीत, ते उपरणं नीट करत होते. हे मला त्या दिवशी दिसलं होतं, पण उमगलं नव्हतं. मी घरी आलो तो तरंगतच. दोन दिवसांत माझी कोटी कॉलनीत सर्वतोमुखी झाली. ती कॉलेजातून आली की गेटवरची पोरं ओरडायची, “दीपमाळ आली रे, पेटली रे!” आणि मी गॅलरीत उभा राहून मनात म्हणायचो, विनोद चांगला असला की पसरतोच.

पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, “आबा, घसा बसलाय. आज नाही येत.” त्याच्या पुढच्या गुरुवारीही घसा बसलेलाच. भाकरीसुद्धा मुक्यानं होऊ लागल्या.

मी विचार केला. हेडक्लार्कचा विचार, मुद्देसूद. पोर गात नाही. का? तोंडावर मुरूम आहेत म्हणून लाजते. मुरूम गेले की लाज जाईल, लाज गेली की गाणं येईल. त्रिपुरी पौर्णिमेला अडीच महिने आहेत. काम हाती घ्यावं. कोकिळा तिच्या माहेरच्या, शिरपूरकडच्या अहिराणीत म्हणाली, “तिले इचारा तरी एक डाव, काय व्हई राह्यनं ते.” मी म्हटलं, “विचारायचं काय त्यात? दिसतंय की.”

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरच्या नवल नानांचा. नाना वीज मंडळातून निवृत्त, त्यामुळे त्यांना प्रत्येक रोगाच्या मुळाशी उष्णता दिसते. “आबा, हा पोटातला लोड आहे,” ते म्हणाले. “भरीत बंद. शेंगदाणे बंद. शेवभाजी तर नावही काढू नका.”

“किती दिवस?”

“लाइन नॉर्मल होईपर्यंत.”

जळगावात हिरव्या वांग्यांचे ढीग लागायच्या दिवसांत आमच्या घरात भरीत बंद झालं. एकट्या पोरीला पथ्य नको, तिला वाईट वाटेल, म्हणून मी उदार होऊन ते सगळ्यांना लागू केलं. आठ दिवस दुधी, पडवळ, दुधी. नवव्या दिवशी कोकिळेनं ताट सरकवलं. “मुरूम तिन्हा तोंडवर, अन् दुधी मन्हा ताटमा? हाई कोठला न्याय शे?” मी तिला संयमाचं महत्त्व सांगितलं. मग संध्याकाळी चौकात जाऊन एकट्यानं शेवभाजी खाऊन आलो. हेही सांगतो, गोष्टीत लपवाछपवी नको.

दुसरा सल्ला समोरच्या किरणच्या आईचा. केळीची साल आतल्या बाजूनं तोंडाला चोळायची आणि तसंच झोपायचं. मी रुपचंदला फोन केला तर त्यानं टेम्पोवाल्याबरोबर अख्खा घड पाठवला. चार दिवस पोर केळीच्या वासात झोपली. पाचव्या सकाळी ती उशीपाशी बसलेली सापडली, आणि उशीवर काळ्या मुंग्यांचा सप्ता भरलेला. ती ओरडली नाही की रडली नाही. “आबा,” म्हणाली, “आज साल नको चालेल का?” मी मुंग्यांच्या पावडरीची सोय केली.

आणि रोज सकाळी तपासणी. खिडकीपाशी तिला उजेडाकडे तोंड करून उभी करायचो, चष्मा लावायचो, आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत पाहणी करायचो, रस्त्याची करतात तशी. या कार्यक्रमाला मी ‘मुखदर्शन’ असं नाव दिलं होतं. कोकिळेला हाक मारून अहवाल सांगायचो: “डावीकडे दोन नवीन!” देवाच्या मुखदर्शनाला माणूस हात जोडून जातो. मी हात मागे बांधून जात होतो.

तिसरा सल्ला तेवढा शहाणा होता, म्हणून तो मी ऐकला नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गफूरभाईंचं शिलाईचं दुकान आहे. माझे नेहरू शर्ट तेच शिवतात. माप घेता घेता म्हणाले, “आबा, माझी भाची मंतशा धुळ्याला चामडीची डॉक्टर आहे. ट्रस्टच्या दवाखान्यात बसते. पोरीला एक बार दाखवून या ना.”

मी छाती फुगवली, त्यामुळे मापही चुकलं. “गफूरभाई, चौतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली. मुरूम मला शिकवता?”

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. “आबा, तो मुरूम रस्त्यावर असतो. त्याला दुखत नाही.”

मी हसलो. कोटी चांगली होती, म्हणून हसलो.

शेवटी मी मेडिकलवाल्या जितेंद्रकडे गेलो. तो डॉक्टर नाही, पण पांढरा कोट घालतो. त्यानं इकडे-तिकडे पाहून खालच्या खणातून एक ट्यूब काढली. “काका, ही लावा. आठ दिवसांत तोंड असं होईल की ओळखणार नाही तुम्ही.”

जितेंद्र खोटं बोलला नाही. आठ दिवसांत तोंड लख्ख झालं. मुरूम बसले, गाल उजळले. मी गच्चीवर नवल नानांना बोलावून दाखवलं, किरणच्या आईला बोलावून दाखवलं. गफूरभाईंच्या दुकानावरून तर मी तिला मुद्दाम दोनदा चालवत नेलं. फक्त एक गोष्ट माझ्या मुद्देसूद विचारात बसेना. मुरूम गेले, तरी पोर गाईना. विचारलं तर म्हणे, घसा.

आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं परत आलं. एकटं आलं नाही, सोयरेधायरे घेऊन आलं. गाल लालभडक, आगआग, उन्हात पाऊल टाकलं की पोरगी डोळे मिटून घ्यायची. जितेंद्र म्हणाला, “काका, मग डबल लावा.” मी डबल लावायला लावलं. पहिला थर बसला नाही की दुसरा थर टाकून दाबायचा, हे तर माझ्या हाडात मुरलेलं. आठवड्याभरात जितेंद्रचं म्हणणं शब्दशः खरं झालं: मी तिला ओळखेना. म्हणजे तोंड मला दिसतच नव्हतं. घरातसुद्धा ती ओढणी बांधून वावरू लागली. जेवायला आमच्यानंतर बसायची, भिंतीकडे तोंड करून.

मग एका सकाळी गफूरभाई दारात आले. मी म्हटलं, “शर्ट झाला का?”

“शर्टाचं सोडा आबा. तुमची पोर बारा दिवस झाले, आमच्या घरी येऊन बसते. आमची पोरगी जैनब काजं-बटनं करते ना, तिच्याजवळ, पडद्याआड. आम्हाला वाटलं कॉलेजला सुट्टी आहे. काल जैनबनं विचारलं तर रडली. म्हणाली, कॉलेजचा रस्ता तुमच्या कॉलनीच्या गेटवरून जातो.”

कोकिळेच्या हातातलं पातेलं खाली आलं. मला अजूनही नीट कळलं नव्हतं. मला वाटलं, गेटवर ऊन फार असेल.

“उद्या धुळे,” गफूरभाई म्हणाले. “मी मंतशाला फोन केलाय. आता ना नका म्हणू.”

सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. पारोळ्यापर्यंत ती खिडकीकडे बघत होती आणि मी माझ्या कागदांकडे. सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत रचून घेतले होते: तिचं आधार, माझं आधार, बारावीचा दाखला, जन्माचा दाखला, आणि जितेंद्रची ट्यूब पुरावा म्हणून. दवाखान्यात पोचलो तर केसपेपरच्या खिडकीपुढे ही रांग. आमचा नंबर आला. आतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, “पेशंटचं नाव?”

“दीपमाला,” मी म्हटलं. “पण आधारवर दि ह्रस्व आहे. ती चूक आहे. तुम्ही केसपेपरवर दीर्घच लिहा.”

“आधारवर आहे तेच येईल.”

“अहो, पण चूक पुढे चालवायची का? संस्कृतात दीप...”

“बाबा, मागे साठ माणसं आहेत.”

“साठ असोत! तुम्ही कारकून, मीही कारकून. एका वेलांटीसाठी मी कार्यकारी अभियंत्याची फाइल परत पाठवलेली आहे!”

मागून कुणीतरी ओरडलं, “ओ नाना, वेलांटी घरी घाला!” मी मागे वळून त्याला शुद्धलेखनाबद्दल दोन शब्द सुनावले, आणि वळता वळता पिशवी खिडकीतून आत सरकवली. कारकुनानं हाताला लागलं ते कार्ड घेतलं. “काय त्रास?” मी पाठमोराच होतो, वाद ऐन रंगात होता. खांद्यावरून सांगितलं, “तारुण्यपीटिका.” ‘मुरूम’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण कारकुनापुढे शुद्ध शब्द वापरायचा मोह.

केसपेपर आत गेला. आम्ही बाकावर बसलो. ओसरीत शे-सव्वाशे माणूस असेल. बऱ्याच वेळानं शिपाई बाहेर आला. अंगानं भरलेला, आवाज कीर्तनकाराला लाजवेल असा. त्यानं कागद डोळ्यांपुढे धरला आणि खड्या सुरात वाचला:

“पितांबर! वय एकसष्ट! तारुण्यपीटिका!”

एका कोपऱ्यातून फिस्स झालं, आणि मग सगळीच फुटली. शिपायालाही चढलं. “कोण आहे पितांबर? या आजोबा, तारुण्य घेऊन पुढे या!” एक बाई पदर तोंडात कोंबून हसत होती. रांगेतला तो वेलांटीवाला गडी तर मांड्या थोपटत होता: “आरे, हाऊच तो! हाऊच तो!”

शंभर तोंडं माझ्याकडे वळली, आणि सगळ्यांची नजर माझ्या गालांवर. वरून खाली, खालून वर. शोधत होती. माझ्या गालांवर पांढऱ्या दाढीच्या खुंटांशिवाय काही नव्हतं, तरी ते पेटले. कान पेटले. हात कुठे ठेवावेत कळेना. आणि मग मी काय केलं ठाऊक आहे? हसलो. सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो, जसं काही मला फारच मजा आली. दुसरं करण्यासारखं काही सुचतच नाही हो अशा वेळी.

हसता हसता मला श्रावणातला गुरुवार दिसला. देऊळ हसत होतं, आणि सगळ्यांच्या आधी कोण हसलं होतं, ते दिसलं.

ओसरीत एकच माणूस हसत नव्हतं. दिपमाला उठली. तिनं ओढणीची गाठ सोडली, सव्वाशे माणसांसमोर तोंड उघडं केलं, लाल, सोललेलं, आणि शिपायाला म्हणाली, “पेशंट मी आहे. त्यांना हसू नका.”

वेलांटीवाला गडी उठून आपली जागा द्यायला लागला. तिनं माझ्या मनगटाला धरलं आणि आत नेलं, आंधळ्याला नेतात तसं.

डॉक्टर मंतशा तिशीच्या असतील. केसपेपर पाहून हसल्या नाहीत. माझं नाव खोडून स्वतः नवीन लिहिलं. म्हणाल्या, “आबा, मामांनी दोन महिन्यांपूर्वीच फोन केला होता. वाट बघत होते मी.” मग तिच्या गालाजवळ दिवा धरला. मी रोज बघायचो त्या नजरेनं नाही. मधेमधे तिला विचारत होत्या, “दुखतंय? इथे?” अडीच महिन्यांत हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता.

मी ट्यूब पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. “हे स्टेरॉइडचं मलम आहे. आधी थंड करतं, मग दुप्पट उठवतं. एकदम सोडलं की काही दिवस आणखी उठेल, घाबरायचं नाही. साबणानं घासायचं नाही, फोडायचं नाही. मी देते ते रात्री पातळ लावायचं. तीन-चार महिने लागतील. हे वय झालं की अंगात बदल होतात, त्यानं येतं. बहुतेक सगळ्यांना येतं. यात तुझी चूक काही नाही. कळलं?”

“आणि भरीत?” मी क्षीण आवाजात विचारलं.

“भरीतानं काय केलंय?”

कोकिळेला तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

“रोज कुणी तोंड तपासतं का हिचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी,” मी म्हटलं. “खिडकीपाशी.”

“ते आजपासून बंद.” मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, “मामा सांगत होते, तू छान गातेस.”

“गायचे.”

“आता?”

“घसा बसलाय.”

डॉक्टरांनी विजेरी घेतली. “आ कर.” बराच वेळ पाहिलं. “घसा तर स्वच्छ आहे गं. कधीपासून बसलाय?”

दिपमालेनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. एवढा वेळ होता तिच्याजवळ. एक वाक्य बोलली असती तर मी आज हलका झालो असतो. “आठवत नाही,” ती म्हणाली. “पावसाळ्यात कधीतरी. पाणी बदललं म्हणून असेल.”

परतीच्या गाडीत मी ठरवलं, क्षमा मागायची. पण मला साधं बोलता येत नाही, तिथेही दृष्टांतानं सुरुवात केली. एरंडोल आलं तरी मी दृष्टांतातल्या राजाला शिकारीलाच नेत होतो. ती म्हणाली, “आबा, राहू द्या. तुम्ही काही वाईट मनानं म्हणाला नव्हतात.” आणि खिडकीकडे वळली. माझ्या वाट्याची क्षमा तिनं अशी परस्परच देऊन टाकली, मागायचीसुद्धा संधी ठेवली नाही. अशी क्षमा पचत नाही हो. ती गळ्यातच राहते.

घरी आल्या संध्याकाळी मी गेटवर गेलो, पोरांना जमवलं आणि सांगितलं, तो विनोद माझा होता आणि तो वाईट होता. एक पोरगा म्हणाला, “पण आबा, तुम्हीच तर तेव्हा गॅलरीतून हसत होता.” शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त होतात. ही पसरली होती, आणि पसरलेला मुरूम परत गोळा करता येत नाही, हे मला खात्यात असताना माहीत होतं.

त्रिपुरी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी रुपचंद येऊन तिला यावलला घेऊन गेला. रागावला नाही. “तिथून जाईल कॉलेजला, फैजपूर जवळ आहे,” एवढंच म्हणाला. सांगतेच्या संध्याकाळी पहिली वात लागली आणि गायला कुणी नव्हतं. पुना आप्पा कवळी घट्ट करून उभे राहिले, सतराव्या वातीला त्यांचा दम संपला. उरलेली दीपमाळ मुकीच पेटली. पोरं खाली नाचत ओरडली, “दीपमाळ पेटली रे, पेटली!” खऱ्याच दीपमाळेबद्दल ओरडत होती ती. मी उठून घरी आलो.

होळीपर्यंत तिचं तोंड पुष्कळ निवळलं. डाव्या गालावर तीन-चार खड्डे राहिलेत. डॉक्टर मंतशा म्हणतात, तेही कमी होतील. बोलते माझ्याशी, पाया पडते, जाताना डब्यात भरीत देते. गातेही. पण मी रुपचंदच्या ओसरीत चपला काढल्या की गाणं थांबतं. ठरवून नसेल थांबत. पाखराचं थांबतं तसं.

म्हणून मी आता यावलला गेलो की गल्लीच्या कोपऱ्यावरच चपला काढतो. त्या हातात धरून अनवाणी केळीच्या ढिगाआड उभा राहतो. परवा रुपचंदनं पाहिलं. “दादा, काय करून राहिले? चपला हातात?” मी ओठांवर बोट ठेवलं. आत भाकर थापल्याचा आवाज येत होता, आणि त्यात तिचा. भाकर उलटायला थांबला, आणि जिथे सोडला तिथूनच उचलला. रुपचंदनंही चपला काढल्या, हातात घेतल्या आणि माझ्याशेजारी उभा राहिला.

झाली गोष्ट. उठायच्या आधी एक मागणं आहे. तुमच्या गावच्या देवळापुढेही दीपमाळ असेल. कार्तिकात ती पेटेल तेव्हा एक वात माझ्या पुतणीच्या नावानं लावा. आवाज असेल तर दोन ओळी गा, नसेल तर नुसतं नाव घ्या. कुणी नाव लिहून मागितलं, तर दिपमाला लिहा. दि ह्रस्व. तिला तशीच सवय आहे.